नागेश सरांचं घरचं गावरान

पेडगावच्या शाळेत नागेश सर भूगोल शिकवायचे, पण गेले सहा महिने त्यांचा खरा विषय कोंबडी हा होता. बॉयलर कोंबडीत किती विष असतं हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं आणि पाहिलेलं स्वतःपुरतं ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घरामागच्या जागेत त्यांनी डझनभर गावरान पिल्लं सोडली. पाच मुंगसानं नेली, दोन आजारानं गेली. उरलेल्या पाचांना दाणापाणी करणं, खुराडं झाडणं, दिवस मावळता हाकलून आत कोंडणं ही कामं बायको सुकेशनी करायची. सर मार्गदर्शन करायचे.

"स्वतः वाढवायचं, स्वतः कापायचं, स्वतः खायचं," असं शाळेत सांगता सांगता त्यांनी मुख्याध्यापक दत्तराव सरांसह चौघांना रविवारी जेवायला बोलावलं.

रविवारी सकाळी सर नवी सुरी घेऊन पाऊण तास उभे राहिले. कोंबडा त्यांच्याकडं बघत होता, ते मोबाइलकडं.

"अवो, पाणी उकळून आटायलंय," सुकेशनी म्हणाली.

"सुरीचा कोन नीट पाहिजे."

तिनं सुरी घेतली. कोन तिला लगेच सापडला. दोन कोंबडे कापून, गरम पाण्यात बुचकळून तिनं पिसं काढली, तुराट्यांच्या जाळावर भाजले, हळद चोळली.

"आतलं मी साफ करतो," सर म्हणाले. 'स्वतः' या शब्दाची त्यांना काळजी वाटली असावी.

"काळजाला हिरवी पिशवी चिकटलेली असती, पित्ताची. ती फोडू नका," असं बजावून ती मसाला वाटायला आत गेली.

सरांनी पहिल्या कोंबड्याचं पित्त फोडलं. हात बसल्यामुळं दुसऱ्याचं आणखी लवकर फुटलं. परातीतलं मटण त्यांनी घाईनं धुतलं आणि आत नेऊन दिलं.

तासाभरानं सुकेशनीनं रस्सा चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"पित्त फुटलं व्हतं?"

"थोडंसं."

"दोन्हीचं?"

"दुसऱ्याचं जरा जास्त."

पाहुणे यायला तासच उरला होता. गावरान एवढ्यात शिजत नाही. मग सर स्वतः फाट्यावर गेले आणि ज्याच्यात विष असतं तेच दोन किलो कागदात गुंडाळून मागच्या दारानं घेऊन आले.

"अशी चव बॉयलरला यायची न्हाई," दत्तराव सर बोटं चाटत म्हणाले. "आणि किती लुसलुशीत."

आता तरी सरांनी गप्प बसायचं. पण ते म्हणाले, "ज्वारी भिजवून घालायची आणि मोकळं फिरू द्यायचं. जनावराला ताण नसला की मांस मऊ राहतं."

"सर, ह्यो फाट्यावरचा बॉयलर हाय," रस्सा वाढता वाढता सुकेशनी शांतपणे म्हणाली.

सगळे पोट धरून हसले. "वहिनी लय गमतीच्या हायत," दत्तराव सर म्हणाले. नागेश सरही हसले, पण नजर ताटातून वर आली नाही.

पुढच्या रविवारी कुणालाच बोलावलं नव्हतं. सुकेशनीनं दोन कोंबड्या अंड्यांसाठी ठेवून उरलेला एकुलता एक कोंबडा कापून, भाजून सरांपुढं ठेवला आणि शेजारी बसली. "हे हिरवं दिसतंय ना? आधी ह्याच्या बाजूनं बोट घाला. सावकाश."

सरांनी ती सांगेल तसं बोट घातलं. पिशवी अख्खी बाहेर आली तेव्हा त्यांनी ती तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिली. भाषण काही सुचलं नाही. मटण शिजायला अडीच तास लागले आणि तरीही ते चांगलंच चिवट निघालं. दोघांनी भाकरीबरोबर चावून चावून खाल्लं.