सुकन्याच्या कळपातला चेंडू

मित्रांनो, माझ्या अंगावरचे दाणे झिजले आहेत आणि नारंगी रंग उन्हात पार विटला आहे, हे मला मान्य आहे. मी एक जुना बास्केटबॉल आहे. पण म्हातारा म्हणाल तर मला राग येतो.

जालंधरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात आलो. खोकं उघडल्यावर शिपाई म्हणाला, "भोपळा दिसतोय." मी तसा मानी स्वभावाचा असल्यामुळे तो अपमान अजून विसरलेलो नाही.

त्याच वर्षी सुकन्या कॉलेजात आली. घाटनांदूरजवळच्या वाडीवरच्या सटवा या मेंढपाळाची ही मुलगी. खेळाच्या उज्ज्वला मॅडमनी मला तिच्या हातात दिलं आणि समोरच्या बास्केटपर्यंत पळायला सांगितलं. तिने मला कोकरासारखं काखेत मारलं आणि ती सुसाट सुटली! सगळं मैदान हसलं. चेंडू घेऊन असं पळता येत नाही, तो जमिनीवर आपटत न्यावा लागतो, असं मॅडमनी समजावलं.

"आपटायचं? लागंल की त्येला," सुकन्या म्हणाली.

मित्रांनो, माझी एवढी काळजी तोवर कुणीच केली नव्हती. मी त्या दिवसापासून तिचा झालो.

मला आपटायला ती लवकरच शिकली, आणि असं आपटायची की मला नाचल्याचा आनंद व्हायचा. पण तिची खरी करामत वेगळीच होती. लहानपणापासून तिने मेंढरं राखली होती. कोण मागे राहिलं, कोण भरकटलं, हे तिला मान न वळवता कळायचं. मैदानावरही तसंच. संघातली आरोही कुठे उभी आहे हे न बघताच ती मला अचूक तिच्या हातात धाडायची.

आरोही पाटोद्याची, बागायतदाराच्या घरातली, फटकळ आणि उंच. गोंगाटात हाका ऐकू येत नाहीत म्हणून ती एकदा चिडली, तेव्हा सुकन्याने संघाला मेंढपाळाच्या हाळ्या शिकवल्या. "हुर्रर्र" म्हणजे पांगा. "ट्यूवऽ ट्यूव" म्हणजे सगळ्या मध्ये या. समोरच्या संघाला काही उमगायचं नाही आणि आम्ही जिंकत जायचो. असे जिंकत जिंकत आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो. सामना आमच्याच मैदानावर होता.

आणि नेमकं तेव्हाच सटवाने ठरवलं, की मुलीचं शिक्षण पुरे झालं. कळपामागे माणूस कमी पडत होतं. मॅडमनी विनवलं, निदान एकदा तिचा खेळ बघा. तो म्हणाला, "बघतो. न्हाई पटलं तर उद्याच घिऊन जातो." सुकन्याचे तळवे सामन्याच्या दिवशी थंडगार होते. ते मला जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या कुणाला कळलं नसेल.

सटवा खांद्यावर घोंगडं टाकून पायरीवर बसला होता. समोर शहरातला तगडा संघ. आम्ही थोडे पुढे होतो. तेवढ्यात सुकन्याने "हुर्रर्र" केलं आणि आमच्या मुली चारी बाजूंना पांगल्या. सटवाला वाटलं, कळप फाकला. तो ताडकन उठला आणि शिवारात घुमावी तशी हाळी त्याने दिली, "ट्यूवऽऽ ट्यूव!"

आमच्या पाचही मुली मुकाट्याने मध्ये गोळा झाल्या. सुकन्यासुद्धा. समोरच्या मुलींनी मला पळवलं आणि मोकळ्या मैदानात आरामात बास्केट केली. प्रेक्षक पोट धरून हसले. सटवाने घोंगड्यात तोंड लपवलं. मलाही त्याची दया आली, खोटं कशाला सांगू! त्यानंतर आमचा खेळ विस्कटला. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो.

मॅडमनी खेळ थांबवून मुलींना जवळ बोलावलं.

"सुकन्या, तुझ्या वडलांना गप बसव ना," आरोही फणफणली.

 सुकन्या म्हणाली, "कशाला गप बसवायचं? ट्यूव म्हंजी मधी यायचं, हे आता त्या पोरींनाबी कळलंय. आबा हाळी देतील. आपण मधी जायचंच न्हाई."

मॅडमना हसू आवरेना. सुकन्या पळत पायरीपाशी गेली.

"आबा, मी हात वर केला की हाळी द्या. लई जोरात."

"अगं, मघाशी चुकलं ना माजं?"

"आता मुद्दाम चुका."

खेळ सुरू झाला. मी सुकन्याच्या हाताखाली टप्पे खात होतो. तिने हात वर केला. सटवाने सगळा जीव घशात आणला, "ट्यूवऽऽ ट्यूव!" समोरच्या मुली मला अडवायला मध्ये धावल्या. आमच्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. बास्केटखाली आरोही एकटी उभी होती. सुकन्याने न बघता मला तिकडे फेकलं, आरोहीने अलगद वर सोडलं आणि मी जाळीतून खाली आलो. पाठोपाठ शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो! माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा क्षण तोच.

सटवा मैदानाच्या रेषेपाशी आला, वहाणा काढल्या आणि मगच आत आला. मुलीकडे बघायचं धाडस त्याला होईना. तो मॅडमना म्हणाला, "माजी मेंढरं मी बघतो. हिचा कळप हिनं बघावा."

सुकन्या मला पोटाशी धरून रडली आणि हसलीही.

पुढे ती विद्यापीठाच्या संघात गेली, कर्णधार झाली, उत्कृष्ट खेळाडू म्हणून पेपरात फोटो छापून आला. मुलाखतीत ती म्हणे हाळ्यांबद्दलच बोलली. माझं नाव घेतलं नाही, पण चालायचंच. इकडे मी कपाटात पडलो होतो. हवा गेली, पोट खपाटीला गेलं, वर धुळीचा थर बसला.

गेल्या वर्षी कपाट उघडलं. सुकन्या आली होती. आता ती दिंद्रुडच्या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. नवे चेंडू समोर असताना तिने मलाच मागून घेतलं आणि पंपाने हवा भरली. मी टुम्म फुगलो, हवेने आणि आनंदानेही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या कपाटात माझे भाऊबंद पडून असतील. त्यांना बाहेर काढा, हवा भरा, आणि जी मुलगी मैदानाच्या कडेला नुसती बघत उभी असेल, तिच्या हातात द्या. कुलूपबंद चेंडू झिजत नाही, हे खरं आहे. पण झिजायची भीती आम्हाला कधीच नव्हती.