वहिनींचं ‘नको’

त्या रहस्यमालिकेत मी थोरली वहिनी होते. कुणी काही मागितलं की वहिनी मान जराशी कलती करून हळूच म्हणायची, “नको हं.” पुढच्या भागात तो माणूस मेलेला! हा एक शब्द इतका गाजला की मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी मला साधा नकार देता येत नाही. दुकानात पिशवी नको म्हटलं, तर दुकानदार छाती धरून कोसळल्याचं नाटक करतो आणि पिशवी गळ्यात मारतोच. जेवताना नको म्हटलं की नणंद खिदळते आणि आणखी वाढते. माझं वजन उगीच नाही वाढलेलं.

यंदा कुठे एक विनोदी नाटक हाती आलं. विसरभोळ्या मावशीचं काम. पहिल्या तालमीत लोक पोट धरून हसले, आणि घरी येऊन मी आनंदाने रडले.

नेमकी तेव्हाच ती मालिका पुन्हा उकरून काढायचं ठरलं. नाटक आणि चित्रीकरण, दोन्ही एकदम जमणं शक्यच नव्हतं. मालिकेचा निर्माता घरी आला. मी म्हटलं, “नको.”

“वहिनी, अंगावर काटा आला! तोच आवाज!” तो टाळ्या पिटत उठला.

“अगं, परत म्हण ना,” माझा नवराही हसत म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी स्टुडिओत जाऊन दिग्दर्शकाला तोंडावर सांगायचं ठरवलं. आत जुनाच दिवाणखाना उभा केला होता, कुठेच न जाणाऱ्या त्या जिन्यासकट. “उजेड बघतोय, बसा,” दिग्दर्शक म्हणाला. मी सोफ्यावर बसले आणि बोलून टाकलं.

“मी हे करणार नाही. नको म्हणजे खरंच नको. या बाईने माझं आयुष्य खाल्लंय. मला आता लोकांना हसवायचंय. पाया पडते, सोडा मला.” शेवटी हुंदकाच फुटला.

मला वाटलं, सुटले एकदाची.

दिग्दर्शकाने डोळे पुसले. “कट! वहिनींना पश्चात्ताप! हे आम्हाला सुचलंच नव्हतं.”

कॅमेरा चालू होता.

“अहो, मी खरं बोलत होते!” मी ओरडले.

“तेच तर! अगदी खरं वाटलं. फक्त एकदा परत द्या. रडू जरा उशिरा येऊ दे.”

मेकअपवालीने माझे गाल टिपले. तेव्हाच उठून चालू पडायला हवं होतं. पण मेली जन्मभराची सवय! कुणी ‘परत’ म्हटलं की पाय आपोआप पहिल्या जागेवर जातात. बसले. रडू उशिरा आणलं.

दुसरा टेक पहिल्यापेक्षा चांगला झाला.