मालसुन आजीचा हात

रक्तदाबाच्या गोळ्या कुठला डॉक्टर किती लिहितो, याची मोजणी आमच्या योंगजू गावच्या दवाखान्यात माझ्या, म्हणजे ओपीडीतल्या नर्सच्या, गळ्यात पडली. निकाल असा की बाकी सगळे डॉक्टर गोळ्या वाढवतात, फक्त डॉक्टर सोक यांच्या मंगळवारच्या म्हाताऱ्यांना अर्धी गोळी पुरते. सोक साहेब फुगले. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी देगू शहरात डॉक्टरांच्या सभेत यावर भाषण ठोकणार होते.

मला मात्र धाकधूक होती. मंगळवारवाल्यांत माझे बाबा होते. त्यांची आई याच दाबानं गेली, आणि अर्ध्या गोळीवर आल्यापासून बाबा जिना चढताना भिंत धरायचे.

मी मंगळवारच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. दाराजवळच्या दाब मोजायच्या यंत्रात हात घातला की चिठ्ठी निघते, ती डॉक्टरांना दाखवायची. तिच्यावर आकडा असतो, वेळ असते, नाव नसतं. सतरा चिठ्ठ्या, मिनिटामिनिटाच्या अंतरानं, आणि सगळ्यांचा दाब एकशे सोळा नाहीतर एकशे सतरा. सतरा म्हाताऱ्यांचं एवढं एकमत निवडणुकीतही होत नाही.

पुढच्या मंगळवारी खांबाआड उभी राहिले. यंत्रात गावातल्या मालसुन आजीचा हात. वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत ठणठणीत. पुढे रांग, प्रत्येकाकडे भाजलेलं रताळं. रताळं द्या, चिठ्ठी घ्या. तिसरे माझे बाबा.

"बाबा! लाज नाही वाटत?"

"ओरडू नकोस. ही गोळी एकदा चिकटली की मसणापर्यंत सोडत नाही. अर्धीवर आणलीय, आता बंदच करतो."

"अहो, पण हात आजीचा आहे!"

"हात कुणाचा का असेना, चिठ्ठी माझ्या हातात आहे ना?"

मी त्यांचा दंड धरून यंत्रात कोंबला. एकशे एक्याण्णव.

"यंत्र बिघडलंय," बाबा म्हणाले.

आजीनं पुन्हा हात घातला. एकशे सोळा. ती बाबांना म्हणाली, "यंत्र बरंय रे तोकसू. तूच बिघडलायस."

कुणी हसलं नाही. बाबा खाली बसले. "आईपण म्हणायची, मला काही होत नाही," एवढंच बोलले.

मी दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टर सोकांपुढे आपटल्या आणि सगळं सांगितलं. भाषण गेलं. साहेबांनी बाबांना पूर्ण गोळी लिहून दिली, मग बाहेर येऊन, बाही सारून, स्वतःचाच हात यंत्रात घातला. एकशे चौसष्ट.

इकडेतिकडे बघून ते आजीकडे वाकले. "आजी, जरा हात द्या ना. परवा आम्हा डॉक्टरांचीही तपासणी आहे."

बाबांनी औषधाचा कागद खिशात नीट ठेवला आणि आपलं रताळं डॉक्टरांपुढे धरलं. "घ्या साहेब. ती फुकट हात देत नाही."