राखून ठेवलेला निषाद

डाव्या हाताच्या नखांमागचे घट्टे पाशामियाँ अंगठ्यानं चाचपत होता – सारंगीची तार बोटाच्या पेरानं नव्हे, नखाच्या मुळानं दाबतात, आणि चाळीस वर्षांत तिथली कातडी खुरासारखी निबर झालेली – आणि वीरप्पाच्या कापडदुकानात रेडिओ खरखरत होता. एरवी परंड्याची माणसं इथं लढाईच्या बातम्या ऐकायला जमत. आज वीरप्पानं पाशामियाँला मुद्दाम बोलावून गादीवर बसवलं होतं. हैदराबादहून चाँदपाशा सारंगी वाजवणार होता. पाशामियाँचा शागीर्द.

अकरा वर्षं घरात ठेवून शिकवलेला. पेटी आल्यापासून सारंगीला विचारतंय कोण... तरी कुणा गाणारणीच्या मागं बसायचं नाही, जहागीरदाराची चाकरी धरायची नाही, वाजवीन तर एकटा, या हट्टापायी पाशामियाँनं जमिलाबीला जन्मभर अर्धपोटी ठेवलं. आणि त्या अर्ध्यातलाच घास बायकोच्या ताटातून चाँदच्या ताटात गेला. वर आपल्या वडिलांची, दुपारी वाजवायची धूनही दिली. आता निदान नाव तरी घेतलं जाईल. उस्तादाचं नाव घेताना शागीर्द कानाची पाळी धरतो; रेडिओवर ते दिसणार नाही म्हणा.

निवेदक म्हणाला, चाँदपाशा साहेब आता स्वतः बांधलेली धून पेश करतील. सारंगीवर पहिला गज फिरला आणि पाशामियाँनं ओळखलं, वडिलांचीच ती दुपारची धून.

वीरप्पानं उगाच एक तागा उलगडला, पुन्हा गुंडाळला. "घाईत इसरला आसंल, मियाँ," तो म्हणाला.

स्वतः बांधलेली! पाशामियाँच्या कानशिलांत जाळ झाला. ज्याला मी खाऊ घातलं त्यानं... पण थांब बेट्या. आतून एक वाईट आनंद वर आला. त्या धुनेत उतरताना कोमल निषाद लागतो. चाँदला त्यानं जाणूनबुजून शुद्ध शिकवला होता. बाहेरच्याला चीज द्यायची तर एक सूर राखून द्यायचा, हे त्याला अब्बांनीच सांगितलेलं. आता हैदराबादच्या दर्दी कानांना तो खडा लागेल, हसं होईल.

ती जागा आली. चाँदनं शुद्ध निषाद लावला – जसा शिकवला तसाच, पाशामियाँ जिथं श्वास घेई तिथं श्वास घेऊन, तिळभर शंका न ठेवता. वीरप्पाची मान डोलली.

एकदाच चाँदनं विचारलं होतं, "उस्ताद, हितं सूर जरा टोचतोय. असाच हाय का?"

"असाच. आपल्या घराची चालच हाय ती."

नाव बुडवणाऱ्यानं खोटा सूर मात्र इमानानं सांभाळला होता. मग संतापायचं नेमकं कुणावर? पाशामियाँ उठला आणि ऊन डोक्यावर घेत घरी आला.

आल्या आल्या त्यानं सारंगी छातीशी धरली. खरी धून अजून माझ्यापाशी आहे... ती मी कुणालाच दिलेली नाही. गज उतरत उतरत कोमल निषादावर आला, आणि त्याला आठवलं, चाँदला दिलेलं ते उत्तर त्याचं स्वतःचं नव्हतंच. विशीत असताना याच जागी सूर टोचला म्हणून त्यानं अब्बांना विचारलं होतं. आणि अब्बा डोळे न उघडता म्हणाले होते – आपल्या घराची चालच हाय ती.

"थांबलात का?" चुलीपासून जमिलाबीनं विचारलं.

त्यानं ती जागा एकदा कोमल वाजवली, एकदा शुद्ध. पुन्हा कोमल. दोन्ही टोचत होते.