पित्त पडलं तरी डोकं उतरेना

कलाबाईंचं डोकं दुखलं की त्या मीठपाणी पिऊन पित्त पाडत आणि घटकाभरात कामाला लागत. म्हणून आज सकाळपासून तीनदा उलटी झाली तरी घरात कुणी घाबरलं नाही. सून यशोधरा मात्र दाराशी घुटमळत राहिली. पित्त पडलं, मग डोकं उतरायला नको का?

“आत्या, आता कसं वाटतंय?”

“डावी बाजू फुटायला लागलीय. आन ह्यो बल्ब कुणी बदलला? भवतीनं रंगीत कडी दिसतीय.”

बल्ब जुनाच होता. यशोधराने सासूच्या कपाळावरचा फडका वर सरकवला. डावा डोळा लालभडक झाला होता. तिने मोबाईलची बत्ती एकेका डोळ्यावर धरली. उजवी बाहुली चटकन बारीक झाली. डावी मात्र मोठी आणि धुरकटच राहिली.

“उठा, नगरला जाऊ. डोळा दाखवायचाय.”

“दुखतंय डोकं, आन ही निघाली डोळ्याच्या डाक्टरकडं! लई शानी.”

केडगावातून रिक्षा निघाली तरी त्यांची बडबड चालूच होती. प्रत्येक सिग्नलला यशोधरा बाहेर डोकावून दिवा बघत होती.

डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला आणि लगेच औषधं सुरू केली. “काचबिंदूचा झटका आहे. डोकं आणि उलट्या त्यामुळेच. उद्यावर टाकलं असतं तर नजर जाऊ शकली असती.”

संध्याकाळी ठणका थांबला. यशोधराने सासूचा उजवा डोळा झाकला आणि समोर तीन बोटं धरली.

“किती?”

कलाबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“तीन,” त्या म्हणाल्या. “आन नखं काप की गं जरा.”