रविवारचं पाणी

मी पेटिफरांच्या स्वयंपाकघरातला बॉयलर बोलतोय. हो, तोच, कपबशांच्या शेजारच्या कपाटात कोंबलेला. खोल्या उबवणारे सात रेडिएटर तापवायचे आणि वर नळाला गरम पाणीही द्यायचं, दोन्ही कामं माझ्याच गळ्यात. चौदा वर्षं मुकाट्याने केली.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटातली पाणी तापवायची नळी आतून लख्ख होती. पण इंग्लंडातल्या आमच्या केंट परगण्याचं पाणी क्षारांचं. किटलीतसुद्धा महिन्याभरात पांढरा थर धरतो. तरी माझं बरं चालायचं, कारण रेडिएटरमधलं पाणी आतल्या आत फिरतं. वर्षानुवर्षं तेच पाणी. त्यात नवं घालायची गरज पडू नये.

घरधनी डेस्मंड पेटिफर. बस चालवून निवृत्त झालेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, स्वभावाने गरीब. दर रविवारी ओव्हनमध्ये मांस भाजायला टाकलं की तो माझं कपाट उघडून दाबाचा काटा बघायचा. काटा उतरलेला असायचा. मग खालचा नळ फिरवून मला ताजं पाणी पाजायचा. "घे बाबा, पी," म्हणायचा.

काटा का उतरतो, हे त्याने कधी पाहिलंच नाही. निजायच्या खोलीतला रेडिएटर गालिच्याखाली थेंबथेंब गळत होता. मी काय सांगणार, कप्पाळ? दर रविवारी नवं पाणी, आणि त्याबरोबर नवा क्षार.

"बघ, कसा पोटच्या पोरासारखा सांभाळतो," तो बायकोला म्हणायचा.

"मग पोराला एकदा दाखव की कुणाला तरी," डोरीन म्हणायची.

"कशाला उगाच लोकांना त्रास?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. गेल्या हिवाळ्यात माझी नळी आतून इतकी चोंदली, की पाणी जागच्या जागी उकळून मी गुरगुरायला लागलो, मग खडखडायला. डेस्मंडने काय केलं असेल? रेडिओ मोठा केला.

यंदा जानेवारीत डोरीनच्या छातीने दगा दिला आणि ती इस्पितळात गेली. नर्सने फोनवर स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी घरी सोडू, पण सगळं घर उबदार हवं. नाहीतर समुद्राकाठी वृद्धांचं शुश्रूषागृह आहे, तिथे पाठवावं लागेल." तिथे गेलेली त्यांच्या गल्लीतली दोघं परत आली नव्हती. डेस्मंडने त्याच दिवशी, मंगळवारी, दुरुस्तीला माणूस बोलावला.

आली जेमा. तिशीची, हाताला सराव असलेली. आधी चहा घ्यावाच लागला. मग तिने माझं झाकण काढलं, कान लावला, जाणारा आणि येणारा पाइप हाताने चाचपला.

"जास्त तापतोय. पाणी नीट फिरत नाही. एकतर पंप थकलाय, नाहीतर आत क्षार साचलाय. मिस्टर पेटिफर, दाब उतरतो का याचा? वरून पाणी भरावं लागतं?"

डेस्मंडचे कान लाल झाले. आपलंच काही चुकलं म्हणेल ही पोरगी, असं त्याला वाटलं असणार. "नाही गं पोरी. नाताळात एकदा भरलं असेल, एवढंच."

अरे, दर रविवारी भरतोस की! मी जिवाच्या आकांताने खडखडलो. जेमा म्हणाली, "ऐकलंत? पंपच असणार." तिने पंप बदलला. पंप जुना होताच, त्यामुळे दीड दिवस मी जरा शांत झालो. डेस्मंडने डोरीनची बिछान्याची चादर रेडिएटरवर गरम करत ठेवली.

गुरुवारी दुपारी माझ्या पोटात काहीतरी तडकलं. पाणी जमिनीवर आलं आणि ज्योत विझली.

जेमा धावत आली. नळी उघडून तिने आतली जाड पांढरी खपली नखाने खरवडली आणि डेस्मंडपुढे धरली.

"दर रविवारी भरतो," तो हळूच म्हणाला. "चार वर्षं झाली."

"मंगळवारी का नाही सांगितलंत? औषध घालून धुऊन काढलं असतं सगळं. गळती शोधली असती. दोन तासांचं काम होतं हो." तिने दुकानात फोन लावून विचारलं. "आता नवी नळी मागवावी लागेल. सोमवारच्या आधी मिळायची नाही."

"उद्या ती यायची होती."

जेमाने विजेवरची स्वतःची शेगडी गाडीतून आणून दिली. एका खोलीपुरती. तेवढ्याने नर्स मानणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. जाताना तिने गळका रेडिएटर मात्र आवळून दिला.

आता मी उघड्या पोटाने, थंडगार, भिंतीवर लटकलोय. माझी विनवणी ऐकायला इथे आहे कोण? तरी सांगतो. घरातलं कुणी कण्हायला लागलं, तर रेडिओ मोठा करू नका. आणि दुखतंय कुठे असं कुणी विचारलं, तर लाजू नका.

डेस्मंड कोट आणि लोकरी टोपी घालून स्वयंपाकघरात बसलाय. नर्सला त्याने फोनवर खरं सांगितलंय, फक्त डोरीनला कारण कळवू नका म्हणाला. संध्याकाळी फोन वाजला. डोरीन होती.

"मला उद्या समुद्राकाठच्या त्या घरात नेतायत म्हणे. असू दे. तू कसा आहेस? घरात ऊब आहे ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंडातून वाफ निघत होती.

"आहे गं," तो म्हणाला. "छान ऊब आहे. तू नको काळजी करू."