दोघांत एक कोट

गुरुवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी रांझातुची गाडी गल्लीच्या उतारावरून खाली गेली. इंजिन बंद होतं. चालवणारा तरुण ओळखीचा नव्हता. रांझातुला पूर्वजांच्या थडग्यात ठेवून तेरा दिवस झाले होते.

रात्सिंबा दारात उभा राहून करपलेल्या भाताचं गरम पाणी पीत होता. गाडी थांबवायला त्याने हात वर केला. तरुणाला वाटलं, म्हातारा निरोप देतोय. त्यानेही हसून हात हलवला. गाडी वळणावर मऊपणे दबली, ब्रेकने तिला अलगद आवरलं आणि ती दिसेनाशी झाली.

"कुणाची गाडी गेली?" त्याच्या बायकोने, नुरुने, आतून विचारलं.

"आपली."

"आपली तर इथे उभीय."

"अर्धी आपली," रात्सिंबा म्हणाला आणि पेला खाली ठेवून चपला शोधू लागला.

दुपारी दोन वाजता त्याच्या गाडीची तपासणी होती. परवान्याची मुदत आजच संपत होती. मुदत चुकली किंवा गाडी नापास झाली, तर एवढ्या जुन्या गाडीला नवा परवाना मिळणार नव्हता. परवाना गेला की एकतीस वर्षांची टॅक्सी संपली. आणि ज्याच्या जोरावर ती पास व्हायची, ते सगळं आत्ता उतारावरून खाली गेलं होतं.

अंतानानारिव्हो शहराच्या टेकड्यांवर अशा जुन्या फ्रेंच गाड्या अजून बऱ्याच आहेत. चौकोनी, उंच पायांच्या, सायीच्या रंगाच्या. सगळे त्यांना कात्रेल म्हणतात. रांझातु आणि रात्सिंबा, दोघांच्या कात्रेल एकाच वर्षीच्या. चौदा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एकच चांगला संच जमवला: पुढच्या चाकांचे दोन ब्रेक-ड्रम, त्यांचे नवे लायनर, दोन टायर, एक दिवा. हँडब्रेक या गाडीत पुढच्याच चाकांना धरतो, त्यामुळे खरी परीक्षा या दोन ड्रमांची. ज्याची तपासणी असेल त्याच्या गाडीला आदल्या रविवारी संच चढायचा. दुसऱ्याच्या गाडीला झिजलेला माल जायचा, आणि तो पुढची तपासणी येईपर्यंत गिअरवर आणि चाकाखाली सारायच्या दगडावर दिवस काढायचा. रांझातु त्या संचाला कोट म्हणायचा. "दोन भावांत एक कोट," तो म्हणायचा. "एकाच्या लग्नाला दुसऱ्याने घरी बसायचं."

मार्चमध्ये रांझातुची पाळी होती. एप्रिलमध्ये त्याने अंथरूण धरलं. कोट त्याच्या गाडीच्या अंगावरच राहिला.

व्हुला, रांझातुची मुलगी, अंगणात कपडे पिळत होती. इस्पितळाच्या धुलाईत ती कामाला होती आणि घरी आल्यावरही तिचे हात पाण्यातच असायचे. रात्सिंबाला बघून ती उभी राहिली.

"या काका. बसा. कॉफी टाकते."

"कॉफी नको. व्हुला, पहिल्यांदा तुझी क्षमा मागतो. मी काही या घरातला मोठा नाही. बोलण्याचा मान माझा नाही. थोरले आहेत, पूर्वज आहेत, त्यांच्यापुढे तोंड उघडायचं म्हणजे..."

"काका," ती म्हणाली, "हे तुम्ही गेल्या गुरुवारी बोललात. परवाच्या रविवारीही बोललात."

खरं होतं. शोकाच्या घरात काही मागायचं तर आधी क्षमा मागायची असते: थोरल्यांची, मग हजर असलेल्यांची, मग मृताची. तो दोन वेळा आला. दोन्ही वेळा क्षमा नीट मागून झाली, आणि मुद्दा यायच्या आत शेजारणी तांदूळ घेऊन आल्या किंवा व्हुलाला रडू आलं. दोन्ही वेळा तो कॉफी पिऊन परत गेला. व्हुलाला वाटलं, काका सांत्वनाला येतात. शेजाऱ्यांनाही तसंच वाटलं. रात्सिंबा फार रीतीचा माणूस, असं त्यांनी एकमेकांना सांगितलं.

"गाडी कुणाला दिलीस?"

"भंगारवाल्याला. दक्षिणेच्या रस्त्यावरचा लांटु. ॲल्युमिनियम वेगळं काढून भांडी ओतणाऱ्यांना विकतो. का?"

"तिचे ब्रेक माझे होते."

व्हुलाच्या हातातला पिळा सुटला. "बाबांच्या गाडीचे?"

"अर्धे माझे, अर्धे त्याचे. टायर पण. दिवा पण. आज दोनला माझी तपासणी आहे."

व्हुला हसायला लागली, आणि हसताना तिने ओल्या हाताने डोळे पुसले.

"आणि तेरा दिवस तुम्ही माझी क्षमा मागत बसलात? अहो काका, एक शब्द! ब्रेक, एवढाच शब्द!"

"असं कसं एकदम बोलायचं?"

"चला," ती म्हणाली. खांद्यावरून घेतलेली पांढरी शाल तिने कमरेला बांधली. "गाडी काढा."

त्याच्या गाडीत तिच्या पायाशी दगड होता. पाचरीसारखा, तारेचं हँडल बांधलेला, चौदा वर्षं चाकांखाली जाऊन गुळगुळीत झालेला. दगडाशेजारी पेट्रोलची बाटली होती. टाकी गंजल्यापासून नळी थेट तिच्यातच जात असे. पहिल्या चढावर पोलिसाने हात दाखवला आणि रात्सिंबाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, मग जराशी मागे घरंगळली.

"दगड!" तो ओरडला.

व्हुलाने दार उघडून उडी मारली आणि चाकामागे दगड सारला. मागची मोटार वीतभर अंतरावर होती. तिच्या चालकाने डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, गाडी आहे की बकरी? दावं बांधा तिला!"

"तुझं तोंड बांध आधी!" व्हुला म्हणाली. मग आत बसता बसता हळूच, "एरवी दगड कोण टाकायचं?"

"गिऱ्हाईक. किंवा मीच. एक पाय ब्रेकवर ठेवून."

"म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकांना कामाला लावायचात."

"तुझा बाप तर त्यांना धक्का मारायला लावायचा. मी नुसता दगड."

भंगाराच्या आवारात पोहोचेपर्यंत ती सात वेळा उतरली. सव्वाआठ वाजले होते. जूनमधलं धुकं अजून भातखाचरांवर होतं. रांझातुची गाडी आवाराच्या मधोमध होती. बॉनेट काढून बाजूला ठेवलेलं, इंजिन साखळीने वर ओढलेलं. चाकं मात्र जागेवर होती.

लांटु बाकावर बसून तांदळाची गोल वडी खात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. रात्सिंबाची क्षमाही ऐकली, कारण इथेही त्याने ती मागितलीच.

"आजोबा, मी गाडी अख्खी घेतलीय. त्यात तुमचं काय, हिचं काय, गेलेल्याचं काय, ते मला ठाऊक नाही. मला काटा ठाऊक."

"मग काट्यावरच बोलू," व्हुला म्हणाली. "हे जेवढं काढतील तेवढ्या वजनाचं लोखंड ठेवतील. यांच्या गाडीचं."

"झिजलेलं?"

"वितळल्यावर झिजलेलं दिसतं का?"

लांटुने चघळणं थांबवलं. "ही कुठे नोकरीला आहे?"

"धुलाईत."

"वाया गेली," लांटु म्हणाला. "काढा. पण माझा माणूस हात लावणार नाही. आणि दुपारी एकला ट्रक येतो. तोवर निघालं ते तुमचं."

रात्सिंबाने कोट उतरवला होता अठ्ठावीस वेळा. प्रत्येक वेळी शेजारी रांझातु असायचा. दोघांना मिळून तीन तास लागायचे, त्यातला एक तास भांडणात. पाना कुठला, नट कुठे ठेवला, लायनर कुणी उलटा धरला. आता समोर व्हुला होती. तिला पान्यांचे आकडे माहीत नव्हते, पण नट तिने काढले त्या क्रमाने फडक्यावर मांडून ठेवले, आणि एकदाही कुठला कुठे असं विचारावं लागलं नाही. रात्सिंबाला त्या शांततेत चुकल्यासारखं होत होतं.

साडेदहाला डावा ड्रम निघाला. अकरा वाजून पाच मिनिटांनी तो त्याच्या गाडीला बसला, लायनर, वायर सगळ्यासकट. त्याचा जुना ड्रम काट्यावर गेला. लांटुने वजन बघून मान हलवली.

उजवा ड्रम निघाला नाही.

ड्रम ओढून काढायचा पुलर लावला, तेल सोडलं, लाकडी ठोकळा धरून घाव घातले. ड्रम हबला, चाकाच्या मधल्या तुंब्याला, गंजून चिकटला होता. हबबरोबर फिरत होता, सुटत नव्हता. रात्सिंबाने बोटाने गंज खरवडला. पांढुरकी पापडी हाताला लागली.

"साबण," तो म्हणाला.

व्हुला वाकून बघू लागली. मग सरळ झाली. "गाडी गटाराच्या कडेला उभी होती ना. उजवी बाजू." तिने पापडी बोटांत चोळली. "धुण्याचं पाणी मी तिथेच ओतायचे. दोन महिने. रोज."

"तुला कुठे माहीत होतं."

"तुम्ही रोज तिथून जायचात. बघत होतात की."

"बघत होतो," रात्सिंबा म्हणाला. "म्हटलं, आजारी माणसाच्या घरी कुठे पाण्याचं बोलायचं."

तिने हातोडी उचलली आणि ड्रमवर घातली. पुन्हा घातली. रात्सिंबाने तिला पाच-सहा घाव घालू दिले, मग तिच्या हातातून हातोडी काढून घेतली. ड्रमच्या कडेला चीर गेली होती. आता तो निघाला असता तरी उपयोगाचा नव्हता.

पावणेएकला ट्रक आवाराच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवू लागला. तोवर दोन्ही टायर आणि दिवा हलवून झाले होते. रात्सिंबाने स्वतःचा झिजलेला उजवा ड्रमच परत आवळला. निघताना त्याने एकदाच मागे बघितलं. रांझातुची गाडी पुढून विटांवर बसली होती. डाव्या बाजूला हब उघडा होता.

"एक बाही राहिली," तो गाडी सुरू करता करता म्हणाला.

व्हुलाला कळलं नाही. त्याने सांगितलंही नाही.

तपासणीच्या मैदानात दोनला पोहोचले तेव्हा पुढे नऊ गाड्या होत्या. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती आणि रात्सिंबा सगळ्या अंगाने चाक उजवीकडे धरत होता. त्याचे दंड भरून आले होते. नंबर लागला दोन चाळीसला. तपासनीस लोकरी टोपी घातलेला, सर्दी झालेला माणूस होता. त्याने दिवे बघितले, टायरवर बूट आपटला, भोंगा वाजवायला लावला.

"टायर चांगले आहेत," तो संशयाने म्हणाला.

"मित्राचे आहेत."

"गाडी डावीकडे ओढतेय, बाबा."

"वयाने मीही ओढतो, साहेब."

तपासनीस हसला नाही. त्याने नाक पुसून मैदानाच्या टोकाच्या चढाकडे बोट केलं. सिमेंटचा तो उतरता ओटा सगळ्या टॅक्सीवाल्यांना ठाऊक आहे. गाडी वर न्यायची, मध्यावर थांबवायची, हँडब्रेक ओढायचा आणि खाली उतरायचं. मग गाडी काय करते ते उभं राहून बघायचं.

रात्सिंबाने गाडी वर नेली. डॅशबोर्डखालची दांडी दोन्ही हातांनी ओढली. कर्रकन आवाज झाला. त्याने ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलला. गाडी थरथरली आणि थांबली. तो उतरला. दार लावलं नाही. दार लावल्याच्या धक्क्याने ती निघेल असं त्याला वाटलं.

"दगड बाजूला," तपासनीस म्हणाला.

"दगड तिच्याकडे आहे, साहेब." व्हुला दहा पावलांवर उभी होती, तारेचं हँडल दोन्ही हातांत धरून.

"या कोण?"

"मालकीण," व्हुला म्हणाली. "अर्ध्या गाडीची."

तपासनिसाने खिशातून खडू काढला आणि डाव्या चाकाच्या कडेला सिमेंटवर रेघ मारली. मग घड्याळ बघितलं. त्याच वेळी कचेरीतला पंखा थांबला, खिडकीतला दिवा गेला, आणि आतून कुणीतरी शिवी हासडली. दोन बावन्न झाले होते.

"झालं," तपासनीस म्हणाला. "मशीन बंद. आता वीज आल्याशिवाय कागद निघत नाही."

"गाडी खाली घेऊ का?"

"कशाला? परत चढवाल कशी?" त्याने उघड्या दारातून आत बघितलं. बाटलीच्या तळाशी दोन बोटं पेट्रोल होतं. ते त्याने बघितलं की नाही, कळलं नाही. "राहू दे तिथेच. वीज आली की मी येतो. रेघेवर असली तर बघू."

"आणि आज आलीच नाही तर?"

"फाटक साडेचारला लागतं," तो म्हणाला आणि शिंकत आत गेला.

मागच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. त्यांच्या मुदतीला अजून दिवस होते. रात्सिंबा कठड्यावर बसला, पण दोन मिनिटांत उठला, कारण बसल्यावर चाक दिसत नव्हतं. व्हुलाने दगड खाली ठेवला नाही.

"काका, कोणता ब्रेक धरून बसलाय?"

"डावा."

"म्हणजे बाबांचा."

"अर्धा त्याचा," रात्सिंबा म्हणाला. मग म्हणाला, "आता सगळाच."

साडेतीनला वारा सुटला. उघडं दार हळूच हललं, बिजागरी कुरकुरली, आणि दोघंही एक पाऊल पुढे आले. गाडी तिथेच होती. रात्सिंबाने पुढे होऊन, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं दार दोन्ही हातांनी लोटलं.

चार वाजून दहा मिनिटांनी पहारेकरी फाटकाची साखळी घेऊन बाहेर आला. कचेरीच्या खिडकीत अजून अंधार होता. डावं चाक रेघेवर होतं.